आपल्याच टीमचा शत्रू व्हा: नव्या व्हिडिओ अ‍ॅनालिस्टसाठी

कोल्हापुरात वाढलेल्या पोराला फुटबॉलचं वेड लावावं लागत नाही. तो बघायचा कसा, हे मात्र शिकावं लागतं. शाहू स्टेडियमवर आमच्या तालमीच्या टीमसाठी घसा बसेपर्यंत ओरडताना माझी नजर कायम बॉलवरच असायची. पुढे एका व्यावसायिक क्लबात व्हिडिओ अ‍ॅनालिस्ट, म्हणजे सामन्यांच्या क्लिपा कापून कोचला डावपेच दाखवणारा, म्हणून लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात कोच म्हणाले, "बॉल तर सगळेच बघतात रे. तुला पगार मिळतो तो बॉल नसलेल्या बाजूचा."

या कामात यायचं असलेली मुलं पहिल्यांदा विचारतात, सॉफ्टवेअर कोणतं शिकू? स्पोर्ट्सकोड असो की लाँगोमॅच, क्लिपा कापायला महिन्याभरात जमतं. आपली बचावफळी दुसऱ्याला किती सहज वाचता येते, हे ओळखायला मला अख्खा हंगाम लागला.

त्या हंगामात आम्ही एकाच छापाचे गोल खात होतो. मी रात्र रात्र पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास करायचो आणि सामन्यात पुन्हा तेच व्हायचं. शेवटी वैतागून एकदा उलटं केलं. आपलीच टीम शत्रू आहे असं धरून तिच्यावर रिपोर्ट लिहायला बसलो. दीड तासात काम संपलं. इतक्या लवकर संपलं, याचीच लाज वाटली. समोरच्या विंगरने, म्हणजे कडेने खेळणाऱ्या आक्रमकाने, आमच्या गोलकडे पाठ करून बॉल घेतला की आमचा राइट बॅक, म्हणजे उजव्या कडेचा बचावपटू, दर वेळी त्याच्या अंगावर जायचा. त्याची जागा भरायला उजवा स्टॉपर, म्हणजे मधल्या दोन बचावपटूंपैकी एक, बाहेर सरकायचा, आणि दोन्ही स्टॉपरांच्या मधे ट्रक जाईल एवढी वाट पडायची. विंगरने एका टचमध्ये बॉल मागे दिला आणि मधल्या फळीतला कुणी त्या वाटेने पळाला की संपलं. यासाठी हेर कशाला लागतोय?

मग मी नवख्या माणसाची हमखास चूक केली. बचावाच्या पाच वेगवेगळ्या रचनांचं चाळीस मिनिटांचं सादरीकरण केलं. बाणच बाण! मागच्या रांगेत दोघं झोपले. पुढच्या सामन्यात एका स्टॉपरला वाटलं आपण तिघे मागे आहोत, दुसऱ्याला वाटलं चौघे. त्या गोलची क्लिप अजून जपून ठेवलीय.

रचना बदलता येते, पण ती आधी अंगात मुरलेली असावी लागते. २०१४च्या वर्ल्डकपमधला फोर्तालेझाचा नेदरलँड्स-मेक्सिको सामना मिळवून बघा. उकाड्यामुळे पाणी प्यायला खेळ थांबला, तेव्हा नेदरलँड्सचा कोच लुई व्हान गालने ती संधी साधून डाव बदलला. डर्क काउट या एकाच खेळाडूने त्या सामन्यात डावा विंगबॅक (कडेने वर-खाली पळणारा बचावपटू), उजवा बॅक आणि शेवटी फॉरवर्ड, अशी तिन्ही कामं केली. नेदरलँड्स २-१ने जिंकलं. पाण्याच्या त्या ब्रेकमध्ये कोचला जेमतेम चार वाक्यं बोलायला मिळतात. चार वाक्यांत नवीन काही शिकवता येत नाही, शिकवलेलं आठवून देता येतं.

आमच्या कोचनी माझे पाचही आराखडे बाजूला सारले आणि म्हणाले, "एकच माणूस हलव. बाकीच्या दहांचं काम होईल तितकं तेच राहू दे." आम्ही होल्डिंग मिडफिल्डरला, म्हणजे बचावफळीच्या अगदी पुढे खेळणाऱ्याला, निवडलं. राइट बॅक पुढे गेला की हा दोन स्टॉपरांच्या मधे उतरायचा. चारची फळी क्षणभर पाचची व्हायची आणि बॉल मागे गेला की पुन्हा चारची. मँचेस्टर सिटीने २०२३मध्ये बचावपटू जॉन स्टोन्सला मागून मधल्या फळीत चढवून नेमका उलटा प्रकार केला होता. तिथेही हलणारा मुख्य माणूस एकच.

पण हेही दर वेळी केलं तर तेसुद्धा पाठ होतंच. म्हणून राइट बॅकला दोन उत्तरं दिली: कधी अंगावर जायचं, कधी दोन पावलं मागे राहून विंगरला वळू द्यायचं आणि टचलाइनकडे रेटायचं. निवड त्याची नाही, मागच्या स्टॉपरची, कारण सगळं मैदान त्यालाच दिसतं. त्याने ओरडायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आता आमच्यात मिझोरामचे, केरळचे, बंगालचे खेळाडू. एकाच भाषेत लांबलचक सूचना कोण ऐकणार? म्हणून दोनच शब्द ठरवले, 'जा' आणि 'रुक'. पहिले दोन आठवडे सगळं चालत चालत, बॉलशिवाय. पोरं कंटाळली. तिसऱ्या आठवड्यात आठ विरुद्ध सहा, पूर्ण वेगात.

हे गुपित किती दिवस टिकतं? कोच अँटोनियो कॉन्टेची चेल्सी २०१६मध्ये आर्सेनलकडून ३-० हरली, त्यानंतर त्याने मागे तिघे ठेवले आणि लीगमध्ये सलग १३ सामने जिंकले. हंगामाअखेर विजेतेपदही मिळालं. पण एप्रिलपर्यंत मँचेस्टर युनायटेडने अँडर एरेराला चेल्सीच्या एडन अझारच्या मागे सावलीसारखं सोडून त्यांना २-० हरवलं होतं. म्हणून दर पाच-सहा सामन्यांनी तो शत्रूचा रिपोर्ट मी नव्याने लिहितो.

थोडं व्यवहाराचं. टीव्हीचं प्रक्षेपण यासाठी कुचकामी, कॅमेरा बॉलमागे फिरतो आणि बचावफळी चौकटीबाहेर राहते. उंचावरून, शक्यतो मधल्या रेषेपाशी, स्वतः शूट करा. लॅपटॉपवर छत्री धरायला कुणीतरी पकडा. दुपारच्या उन्हात माझा एकदा ऐन हाफटाइमला बंद पडला होता. फुटबॉल फेडरेशनचा डी लायसन्स, म्हणजे कोचिंगचा सुरुवातीचा परवाना, करून टाका, कोचची भाषा कळते. सुरुवातीचा पगार घरी सांगण्यासारखा नसतो.

आणि बदली खेळाडूंना विसरू नका. आता पाच बदल करता येतात. सत्तराव्या मिनिटानंतर निम्मी बचावफळी नवी असू शकते आणि दोन महिन्यांची मेहनत तिथेच सांडते. मी आत जाणाऱ्याच्या हातात एक चिठ्ठी देतो. तिच्यावर एवढंच: तुझा माणूस कोण, तो आत वळला तर कुणाला द्यायचा, आणि 'जा' कोण ओरडणार.