बी.ए.चा अर्ज: विषयांचे पान भरण्याआधी काय काय पाहायचे

बारावीचा निकाल लागला की कला शाखेच्या प्रवेश अर्जातले सगळ्यात वजनदार पान सायबर कॅफेत पाच मिनिटांत भरले जाते. नाव, गुण, जातीचा रकाना तीनदा तपासतात. विषयांच्या रकान्यात मात्र मैत्रिणीने जे टाकले तेच टाकून मोकळे होतात. पुढे दुसऱ्या वर्षी विषय बदलायचा म्हटले की कॉलेजच्या कार्यालयात खेटे सुरू. म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी विषय ठरवा, मग तो विषय खरोखर शिकवणारे कॉलेज शोधा. कागदपत्रे या दोन्हींच्या जोडीने गोळा करत राहा.

शब्द आधी समजून घ्या

घरातल्या मोठ्यांचे शब्द आता जुने झाले. पुण्याकडे ‘स्पेशल विषय’ म्हणायचे, मुंबईकडे ‘सहा पेपरचा विषय’. आताचा शब्द ‘मेजर’. पदवीतली निम्मी किंवा त्याहून जास्त क्रेडिट (शिकण्याच्या तासांचे माप, हिशेब पुढे दिला आहे) मेजरची असतात, आणि पदवी त्याच विषयाची धरली जाते. ‘मायनर’ म्हणजे जोडविषय, साधारण १८ ते २० क्रेडिटचा. ‘ओई’ म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, तो आपल्या शाखेबाहेरचा घ्यायचा. याखेरीज भाषा, कौशल्य, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली असे दोन-दोन क्रेडिटचे छोटे पेपर येतात. त्यांत निवडीला फारसा वाव नसतो. कॉलेज जे देते ते घ्यावे लागते.

मेजर कधी ठरतो, हे आपल्या विद्यापीठाच्या परिपत्रकातच पाहा. काही ठिकाणी पहिल्या सत्रापासूनच तो पक्का असतो. काही ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय समान वजनाने शिकायचे असतात आणि दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर, एक मायनर होतो, तिसरा सुटतो. दुसऱ्या पद्धतीत एक सापळा आहे: मेजर या तिघांतूनच निवडायचा असतो. पहिल्या वर्षी अर्थशास्त्र घेतलेच नाही, तर दुसऱ्या वर्षी ते मेजर म्हणून मागता येत नाही. तेव्हा ‘पहिले वर्ष सोपे जावे’ म्हणून तिन्ही विषय हलके घेऊ नका.

क्रेडिटचा हिशेब वेळेचा हिशेब असतो. एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात १५ तास शिकवणे, प्रात्यक्षिक असेल तर ३० तास. सत्र १५ आठवड्यांचे धरले तर ४ क्रेडिटच्या पेपरला आठवड्याला ४ तास लागतात आणि २ क्रेडिटच्या प्रात्यक्षिकालाही ४ तासच. एका सत्रात २० ते २२ क्रेडिट असतात, म्हणजे आठवड्याला किमान २० ते २२ तास वर्गात. बी.ए. म्हणजे ‘कॉलेजला गेले नाही तरी चालते’ हा समज घेऊन अर्धवेळ नोकरी धरणाऱ्यांनी आधी हा आकडा पाहावा, मग सकाळच्या वेळेतले कॉलेज निवडावे. वर तिसऱ्या वर्षाच्या आसपास ऑन जॉब ट्रेनिंग येते: ४ क्रेडिट म्हणजे १२० तास.

मेजर निवडण्याची कसोटी

विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून त्या विषयाचा तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम उतरवून घ्या. पहिल्या वर्षाचा नको, तो सगळीकडे तोंडओळखीचा असतो आणि फसवतो. सोबत गेल्या दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका. अभ्यासक्रमातले एक घटक-प्रकरण संदर्भग्रंथातून वाचा आणि प्रश्नपत्रिकेतल्या एका प्रश्नाचे उत्तर दीडेक पान हाताने लिहून पाहा. दोन संध्याकाळी जातील. वाचताना कंटाळा आला तर चालेल, पण लिहायला काहीच सुचले नाही तर पुन्हा विचार करा, कारण कला शाखेत परीक्षा लिहिण्याचीच असते.

विषयांबद्दलचे गैरसमज ठरलेले आहेत. मानसशास्त्र हा सध्याचा सगळ्यात मोठा. माणसे ओळखायला शिकवतात अशा समजुतीने मुले येतात आणि प्रमाण विचलन, सहसंबंध, प्रयोगांचे जर्नल पाहून दचकतात. संख्याशास्त्राशी वैर असेल तर हा मेजर घेऊ नये. शिवाय नुसत्या बी.ए.वर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करता येत नाही. त्यासाठी पुढचे मान्यताप्राप्त शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ही वाट लांबची आहे, हे घरी आधीच सांगून ठेवा.

अर्थशास्त्रात गणिताचे तसेच. बी.ए.ला आलेखांवर निभावते, पण चांगल्या संस्थांच्या एम.ए. प्रवेश परीक्षांत गणित समोर येतेच. अकरावी-बारावीला गणित सोडले असेल तर पहिल्या वर्षापासून कलनाची (कॅल्क्युलस) तोंडओळख करून घ्या, ओईमध्ये संख्याशास्त्र मिळाले तर सोडू नका.

मराठी मेजर म्हणजे कथा-कादंबऱ्या वाचणे, असे समजून येणाऱ्यांना भाषाविज्ञान आणि साहित्यशास्त्र हे दोन पेपर जड जातात, आणि महानुभाव गद्याची भाषा तर पहिल्या वाचनात परकीच वाटते. पण प्रकाशन, अनुवाद, संहितालेखन, मुद्रितशोधन यांत जायचे असेल तर हेच पेपर पुढे कामाला येतात. इतिहासाची अडचण वेगळी: लेखन प्रचंड, पाठांतराने गुण मिळतात, आणि विषय मात्र हाती लागत नाही. महाराष्ट्राच्या इतिहासात रस असेल त्याने मोडी शिकून घ्यावी. पुण्याच्या पुरालेखागारातले पेशवे दप्तर मोडीत आहे, जुने जमिनीचे दस्त मोडीत आहेत, आणि मोडी वाचणाऱ्याला लिप्यंतराचे काम मिळते. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते. जाहिरातीवर लक्ष ठेवा.

भूगोलाला प्रात्यक्षिके असतात: स्थलदर्शक नकाशे, प्रमाण, प्रक्षेपण, सर्वेक्षण, अभ्यास सहल. बॅचची मर्यादा असते, म्हणून जागा लवकर भरतात. जीआयएसकडे, म्हणजे संगणकावरच्या नकाशा-माहितीच्या कामाकडे, जायचे असेल तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत संगणक किती आणि त्यातले चालू किती, हे डोळ्यांनी पाहून या. तत्त्वज्ञान, संस्कृत, पाली, अर्धमागधी हे विषय थोड्याच कॉलेजांत आहेत. वर्गात पाच-सहा मुले असली तर शिकवणी घेतल्यासारखे शिकायला मिळते. आमच्या मते या विषयांची उपेक्षा होते ती त्यांच्या दोषामुळे नाही.

मायनर आणि ओई

मायनर निवडताना नोकरीची बाजू पाहा. शिक्षक व्हायचे असेल तर बी.एड.ला अध्यापन पद्धतीचा विषय पदवीच्या विषयांवरून मिळतो, म्हणून मेजर शाळेत न शिकवला जाणारा असेल (मानसशास्त्र, तत्त्वज्ञान) तर मायनर तरी इतिहास, भूगोल किंवा भाषा असू द्या. बी.एड.च्या पात्रतेला पदवीत ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना सवलत असते. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषयाचे २५० गुणांचे दोन पेपर असतात, म्हणजे १७५० पैकी ५००. मेजरच वैकल्पिक विषय ठेवता आला तर निदान पाया तीन वर्षांत होतो. मात्र केवळ ‘स्कोअरिंग’ आहे असे ऐकून मेजर निवडू नये.

ओईला बहुतेक जण सर्वांत सोपा पेपर शोधतात. त्याऐवजी हिशेब, बँकिंग, संगणक, पर्यावरण यांतले काही घ्या. संस्थेत किंवा माध्यमात काम करताना ताळेबंद वाचता आलेला बी.ए. चटकन नजरेत भरतो.

कॉलेजमध्ये जाऊन विचारायचे प्रश्न

माहितीपत्रकात बारा मेजर छापलेले असतात, प्रत्यक्षात सात चालतात. पुरेशी मुले नसली की मेजर उघडतच नाही आणि उरलेल्यांना दुसऱ्या विषयात ढकलतात. म्हणून कार्यालयात नव्हे, विभागात जाऊन विचारा: तिसऱ्या वर्षाला या विषयात आत्ता किती विद्यार्थी आहेत? पूर्णवेळ प्राध्यापक किती, सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, किती? सीएचबीचे शिक्षक उत्तम असू शकतात, पण नेमणुकीला उशीर झाला की पहिले सत्र दीड महिना रिकामे जाते. चालू वेळापत्रक मागा. आपला मेजर आणि मायनर एकाच तासाला लागलेले दिसले तर ती जोडी कागदावरच आहे.

अनुदानित तुकडी की विनाअनुदानित, हेही विचारा. एकाच इमारतीत साध्या बी.ए.चे शुल्क काही हजारांत असते आणि जनसंवादासारख्या स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रमाचे त्याच्या कित्येक पट.

चौथे वर्ष करायचे असेल तर ते त्या कॉलेजात, त्या विषयात आहे का, हे आजच पाहा. तीन वर्षांनी (१२० ते १३२ क्रेडिट) बी.ए. मिळते, चार वर्षांनी (१६० ते १७६) ऑनर्स. संशोधनासह ऑनर्सला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. चार वर्षांच्या पदवीनंतर एम.ए. एका वर्षाचे होते, तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन. एक किंवा दोन वर्षांनी बाहेर पडून प्रमाणपत्र, पदविका घेता येते, पण त्यासाठी ४ क्रेडिटचा जादा कौशल्य अभ्यासक्रम करावा लागतो. तो न करता नुसते कॉलेज सोडले तर हाती गुणपत्रिका राहते, प्रमाणपत्र नाही.

कागदपत्रे कुठे अडतात

सर्वाधिक गोंधळ नावाचा. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, आणि कुठेतरी वडिलांच्या नावाचे नुसते अक्षर. ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे क्रेडिट जमा होणाऱ्या खात्याचा, १२ अंकी क्रमांक डिजिलॉकरमधून काढताना हे जुळले नाही तर क्रेडिट खात्यात जमा होताना अडतात. आधार आधी दुरुस्त करा, मग क्रमांक काढा.

सीबीएसई किंवा दुसऱ्या राज्याच्या मंडळातून आलेल्यांना स्थलांतर प्रमाणपत्र आणि विद्यापीठाची पात्रता लागते. ती राहिली तर निकाल राखून ठेवतात. मध्ये वर्ष गेले असेल तर खंड पडल्याचे प्रतिज्ञापत्र. नॉन क्रिमिलेअरची मुदत ३१ मार्चला संपत असते, तेव्हा गेल्या वर्षीचे चालेल असे गृहीत धरू नका. लिव्हिंगच्या, म्हणजे कॉलेज सोडल्याच्या दाखल्याच्या, पाच-सहा छायाप्रती आधीच काढून ठेवा. मूळ एकदा कॉलेजात जमा झाले की परत मिळत नाही.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर, दरवर्षी नव्याने किंवा नूतनीकरणाने. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे. पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात; खाते जोडलेले नसेल तर मंजूर झालेली रक्कमही अडकते.

मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांसाठी कॉलेजचा अर्ज भरण्याआधी विद्यापीठाची प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ती राहून गेल्याचे गुणवत्ता यादीच्या दिवशी कळते, आणि तेव्हा धावपळीचा उपयोग नसतो.

प्रवेश झाल्यावर

विषय बदलण्याची मुदत सहसा सुरुवातीच्या काही आठवड्यांतच असते. म्हणून पहिल्या दिवसापासून सगळ्या तासांना बसा आणि बदल हवा असेल तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या. ‘सरांना सांगितलंय’ याला कार्यालयात किंमत नसते. परीक्षा अर्जात विषयांचे सांकेतिक क्रमांक स्वतः ताडून पाहा, तसेच माध्यमही. अंतर्गत गुण आणि सत्रान्त परीक्षा यांत बहुतेक ठिकाणी वेगवेगळे उत्तीर्ण व्हावे लागते. लेखीत चांगले गुण असूनही प्रकल्प न दिल्याने एटीकेटी लागलेली मुले दर सत्रात दिसतात.

नियमित कॉलेज जमत नसेल तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, इग्नू आहे. दूरशिक्षणाच्या प्रवेशाला आता यूजीसीचा डीईबी आयडी (दूरशिक्षण विभागाचा नोंदणी क्रमांक) लागतो. आणि २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन करता येत नाही, त्यामुळे तशी जाहिरात दिसली तर पैसे भरू नका.

शेवटचे काम प्रत्येक सत्राच्या अखेरीचे: त्या सत्राच्या अभ्यासक्रमाची पीडीएफ उतरवून ठेवा. विद्यापीठे अभ्यासक्रम बदलतात तेव्हा जुनी पाने संकेतस्थळावरून नाहीशी होतात, आणि परदेशात किंवा दुसऱ्या राज्यात प्रवेश घेताना नेमकी हीच पाने विद्यापीठाच्या शिक्क्यासह मागतात.