चार पोर्टचं कार्ड घेण्याआधी

वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात व्हिडिओ एडिटिंग चालतं. मालकाने मला न विचारताच सर्व्हरला चार पोर्टचं नेटवर्क कार्ड लावून घेतलं आणि आठवड्याने फोन केला, "मॅडम, चार केबली टाकल्या, तरी कॉपी 112 एमबीच्या वर जाईना." जाऊन पाहिलं. आकडा अगदी रास्त होता. एक गिगाबिट म्हणजे कागदावर सेकंदाला 125 एमबी, हातात थोडे कमीच. आणि त्याच्या एडिटिंग मशीनला पोर्ट होता एकच.

समजा तिकडेही चार पोर्ट असते. तरी एलएसीपीने (अनेक केबली मिळून एकच जोडणी करायची पद्धत) बाँड केल्यावर एका कनेक्शनच्या वाट्याला एकच केबल येते. बाँड दोन्हीकडचे पत्ते पाहतो आणि ते कनेक्शन एका केबलला बांधून टाकतो, नाहीतर पॅकेटं मागेपुढे पोचतील. लोकलच्या डब्याला दारं कितीही असोत, एकटा माणूस एकाच दारातून शिरतो. फायदा दिसतो तो चार-पाच जण एकदम सर्व्हरवर तुटून पडले की. त्यातही दोघं एकाच केबलवर येऊ शकतात. लिनक्सचं बाँडिंग मुळात लेयर टू वर, म्हणजे मॅक पत्त्यांवर (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) वाटणी करतं. ते लेयर थ्री प्लस फोर केलं की आयपी पत्ते आणि पोर्ट नंबरही (कार्डावरचे नव्हे, सॉफ्टवेअरचे) हिशेबात येतात, वाटणी जरा बरी होते. नेटवर्क स्विचकडून (सगळ्या केबली जिथे जुळतात तो डबा) सर्व्हरकडे येणारी वाटणी मात्र स्विच ठरवतो, तिथलं सेटिंग वेगळं बघायचं. स्विच मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारा हवा, हे ओघानं आलंच.

एकाच कॉपीला दोन केबली हव्यात? मग बाँड नको. विंडोजमध्ये 2012 पासून एसएमबी मल्टिचॅनल आहे, म्हणजे एकच फाइल-कॉपी अनेक केबलींवर वाटायची सोय; दोन्हीकडे तेवढे पोर्ट आणि प्रत्येक पोर्टला स्वतंत्र आयपी द्या.

खरं सांगायचं तर मी चार पोर्टची कार्डं वेगासाठी फारशी लावतच नाही. लावते ती फायरवॉलला, म्हणजे इंटरनेट आणि ऑफिस यांच्यामध्ये पहारा देणाऱ्या मशीनला. दोन इंटरनेट लाइन, एक ऑफिस, एक कॅमेरे: चारही वाटा वेगळ्या. इंटेलचं आय 350 टी 4 यासाठी उत्तम. फक्त त्याच्या नकला बाजारात खूप आहेत, फार स्वस्त मिळालं तर आधी संशय घ्या.

सुरुवातीला एकदा मी चारही पोर्ट एकाच लिनक्स ब्रिजमध्ये (पोर्ट एकमेकांना जोडून स्विचसारखं वागणारी सोय) घातले आणि चारही केबली एकाच स्विचमध्ये खोचल्या. एसटीपी, म्हणजे केबलींचं वर्तुळ झालं तर ते तोडणारी सोय, बंद होतं. क्षणात स्विचचे सगळे दिवे एकसाथ फडफडायला लागले आणि अख्ख्या ऑफिसचं नेट गेलं. एक केबल उपटली, उपयोग नाही. तीन उपटल्या तेव्हा शांत झालं.

कोणती केबल कुठल्या पोर्टची, हाही एक घोळ. लिनक्स त्यांना एफ झिरो, एफ वन अशी नावं देतं, पण कार्डावर तो क्रम वरून खाली असेलच असं नाही. एथटूल या लिनक्स कमांडला मायनस पी देऊन पोर्टचं नाव टाका, त्या पोर्टचा दिवा लुकलुकतो. मी तेव्हाच ब्रॅकेटवर नेलपॉलिशचे ठिपके देते: लाल पहिला, गुलाबी दुसरा. मार्कर पुसला जातो, हे नाही.

तर त्या एडिटिंगवाल्याचं काय? दोन्हीकडे दहा गिगाबिटचं एसएफपी प्लस (वेगळ्या प्रकारच्या खाचेचं) कार्ड आणि मध्ये तीन मीटरची डॅक केबल (दोन्ही टोकांना प्लग बसवलेली तांब्याची तार), स्विचच नाही. घेतलेली कार्डं दोन पोर्टची, एक्स 520 जातीची. त्यांना आठ लेन (कार्ड आणि मदरबोर्डमधल्या डेटाच्या वाटा) लागतात. त्याच्या डेस्कटॉपमधला रिकामा स्लॉट दिसायला सोळाचा, पण तारा चारच लेनच्या. पीसीआय एक्सप्रेसच्या दुसऱ्या पिढीत चार लेन म्हणजे सोळा गिगाबिट, दोन्ही पोर्ट भरून चालवायला अपुरे. आम्हाला लागणार होता एकच, म्हणून निभावलं. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये स्लॉटची लांबी नाही, लेन बघा. शिवाय ही कार्डं सर्व्हरच्या जोरदार पंख्यांच्या भरवशावर बनलेली. साध्या कॅबिनेटमध्ये हात लावून पाहिलं तर चटका बसला, म्हणून समोर एक छोटा पंखा बसवला.

आता कॉपी 400 एमबीच्या आसपास जाते. त्यापुढे त्याच्या हार्डडिस्कच थकतात.