समुद्रातल्या ईएम (इलेक्ट्रोमॅग्नेटिक) सर्व्हेत यायचंय त्यांच्यासाठी थोडं

जिओफिजिक्स केलंय म्हटलं की लोक सिस्मिकच (ध्वनीलहरींचे प्रतिध्वनी ऐकून जमिनीखालचं चित्र काढणं) धरून चालतात, आणि नोकऱ्याही तिथेच जास्त आहेत हे खरंय. मी मात्र सीएसईएमकडे (कंट्रोल्ड सोर्स इलेक्ट्रोमॅग्नेटिक) वळलो. म्हणजे जहाजामागे शेकडो मीटर लांब अँटेना तळापासून साधारण ३० मीटर वर ठेवून ओढायचा, त्यात हजारभर अँपिअर करंट सोडायचा, आणि तळावर आधी ठेवलेले रिसीव्हर काय पकडतात ते बघायचं. खारं पाणी भरलेल्या वाळूच्या दगडाची रेझिस्टिव्हिटी, म्हणजे विजेला होणारा अडथळा, १-२ ओहम-मीटर, त्यातच तेल किंवा गॅस असला की आकडा दहापट, कधी त्याहून कितीतरी जास्त. सगळा खेळ या फरकाचा. २००० साली नॉर्वेच्या तेल कंपनीने, स्टॅटऑइलने, अंगोलाच्या खोल समुद्रात हे करून बघितलं, २००२ मध्ये त्यातूनच ईएमजीएस ही सर्व्हे कंपनी निघाली.

सिस्मिकमध्ये थोडासा गॅस असला तरी झकास ब्राइट स्पॉट (चित्रातला ठळक पट्टा) दिसतो, आणि विहीर खोदली की हाती पाणी. रेझिस्टिव्हिटी मात्र गॅस भरपूर असल्याशिवाय फारशी चढत नाही, म्हणून ईएम लागतं. पण मीठ, बेसाल्ट, घट्ट चुनखडी, हायड्रेट (बर्फासारखा गोठलेला गॅस) हेही सगळे रेझिस्टिव्हच की! इन्व्हर्जनमध्ये (मोजलेल्या आकड्यांवरून काढलेल्या जमिनीखालच्या चित्रात) जास्त रेझिस्टिव्हिटीचा लाल पट्टा आला म्हणून लगेच नाचू नका, आधी शेजारच्या विहिरीचा लॉग (खोलीनुसार घेतलेल्या मोजमापांची नोंद) उघडा.

मुंबईकर हमखास विचारतात, बॉम्बे हायवर (मुंबईजवळच्या समुद्रातलं तेलक्षेत्र) चालेल का? अवघड आहे. तिथे पाणी ७५ मीटरच्या आसपास, सिग्नल हवेतून फिरून रिसीव्हरवर येतो आणि खालून येणारं त्यात बुडून जातं, शिवाय तेल चुनखडीत. खोल पाणी त्या मानाने सोपं.

अभ्यासात स्किन डेप्थ (सिग्नल साधारण एक-तृतीयांश उरतो ते अंतर, मीटरमध्ये) आधी पक्की करा: ५०३ गुणिले (रेझिस्टिव्हिटी भागिले फ्रिक्वेन्सी) याचं वर्गमूळ. १ ओहम-मीटरला ०.२५ हर्ट्झ घेतलं की साधारण १ किलोमीटर, म्हणून इतक्या कमी फ्रिक्वेन्सी. मग पायथनमधलं एम्पीमॉड हे मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात रिझर्व्हॉयर (तेल-गॅसचा थर) घालून-काढून ग्राफ किती हलतो ते बघत बसा, खरंच पुस्तकापेक्षा जास्त कळतं. गेट परीक्षेला जिओफिजिक्सचा सेक्शन घ्या.

जहाजावर १२-१२ तासांची शिफ्ट. रिसीव्हर वर बोलवायला ध्वनीचा सिग्नल द्यायचा, तो अँकर खाली सोडून निवांत वर येतो आणि रात्री लाटांत लुकलुकणारा दिवा शोधत सगळे रेलिंगला. बोसिएट हा समुद्रातल्या सुरक्षेचा कोर्सही बरेचदा मागतात, त्यात हेलिकॉप्टरच्या डब्यात बसवून पाण्यात उलटं करतात, तेव्हा पाण्याची भीती असेल तर आत्तापासून पोहायला जा.