मोर्च्यासाठी बडग्या करताय? मग डफडंवाल्यांना पहिल्याच दिवशी बोलवा

नागपूरची काळी मारबत, म्हणजे वाईट गोष्टींचा मिरवणुकीत काढायचा पुतळा, १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते, आणि आपल्या खेड्यातही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी "घेऊन जा गे मारबत" होतेच, म्हणजे सरकारले जाब विचारायची कला आपल्याले कोणाकडून शिकाची नाही. पण होते काय, पोरं रात्रभर बसून मस्त बडग्या, म्हणजे मारबतीसोबत निघते तसा निषेधाचा पुतळा, बनवतात आणि डफडं वाजवणारे सकाळी ऐनवेळी येतात, मग पुतळा एकीकडं अन् वाजा दुसरीकडं. माझं म्हणणं एवढंच की दोन्ही एकाच अंगणात, एकाच वेळी तयार झालं पाह्यजे.

आधी विषय एकच ठरवा. महागाई, वीज, रस्ते सगळं एका पुतळ्यावर लिहिलं की कोणीच वाचत नाही. समजा कापसाची ओल घेतली. २०२५-२६ ला लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलले ८११० रुपये होता, पण तो ८ टक्के ओलीपर्यंत, त्यापुढं १२ पर्यंत कपात आणि १२ च्या वर गेलं की सरकारी खरेदी केंद्रावरून गाडी परत. हे गावातल्या लहान पोरालेही माहीत आहे, म्हणून बडग्या साहेबाचा नका करू, ओल मोजायच्या मशीनचाच करा!

सांगाडा बांबूच्या कमच्यांचा, आत तुराट्या भरा, वरून बारदाना आणि मग कणकेची खळ लावून पेपरचे तीन-चार थर, प्रत्येक थर वाळू द्या नाहीतर पावसाळी हवेत बुरशी धरते. तोंडाच्या जागी मोठी गोल तबकडी, त्यावर आकडे आणि पत्र्याचा काटा, काट्याले मागून सुतळी बांधायची. आता इथं डफडंवाला लागते. तो सांगेल थाप कुठं पडते, त्याच थापेवर सुतळी ओढायची आणि काटा १२ वरून टणकन १३ वर गेला पाह्यजे. ही एक गोष्ट जमली ना तं भाषणाची गरजच राहत नाही, लोकं काट्याकडं पाहत राहतात, पण सुतळीवाल्या पोरानं डफड्यासोबत दोन-तीन संध्याकाळी तरी बसावं लागते.

बोल पोळ्याले बैलांपुढं म्हणतात त्या झडतीसारखे ठेवा, दोन माणसं म्हणतील आणि बाकीचे शेवटी गजर करतील, उदाहरणार्थ:

काहून रे भाऊ कापूस ओला?
पाऊस आला तवा पंचनामा नाही झाला
मशीन म्हणते तेरा, गाडी परत ने
व्यापारी म्हणते, पडेल भावात मले दे
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

प्रत्येक ओळीनंतर थोडी जागा सोडा, तिथं डफडं बोलते. भजन मंडळ येत असेल तर खंजेरी अन् टाळ चालतात, १९४२ च्या आंदोलनात तुकडोजी महाराजांची खंजेरी गावोगाव घुमली होती आणि इंग्रजांनी त्यांना तुरुंगात टाकलं होतं, त्यामुळं भजनवाल्यांना राजकारण कशाले म्हणून कोणी टोकलं तर हे सांगा. तरी कोणाले नसेल यायचं तर जबरदस्ती नको.

पावसाळ्यात डफड्याचं चामडं सैल होते म्हणून शेकायले पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) सोबत ठेवा, थांब्यावर पेटवता येते. आणि वाजवणाऱ्यांची बिदागी आधी ठरवून आधीच द्या, जेवण सगळ्यांसोबत एकाच पंगतीत, चालताना ते पुतळ्याच्या पुढं, मागं ढकलू नका. ज्यांच्या हातावर सगळा मोर्चा चालते त्यांनाच शेवटी विचारायचं हे मले बिलकुल पटत नाही.

ठाण्यात आधी लेखी अर्ज द्या, रस्ता, वेळ आणि भोंगा असेल तर तोही लिहा, जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा जमावबंदी आदेश चालू आहे का तेही विचारून घ्या. रात्री १० नंतर भोंगा बंद. कोण्या माणसाचं नाव किंवा जात झडतीत नको, त्यानं मुद्दा बाजूला राहते आणि भांडण पुढं येते. पुतळा जाळायचा असेल तर तहसीलसमोर नाही, गावाबाहेर मोकळ्या जागी पाण्याचा ड्रम ठेवून. आणि वाजा थांबायच्या आधी दोघांनी आत जाऊन निवेदन द्यायचं, दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट पोच घेऊनच बाहेर यायचं.