जर्मनटाउनला पाहुण्यांना काय दाखवायचं?

मूळची मी डहाणूची. लहानपणी ‘ब्रदरेन’ म्हणजे मिशनचा दवाखाना, एवढंच ठाऊक. फिलाडेल्फियाला आल्यावर कळलं, त्या ख्रिस्ती पंथाचं अमेरिकेतलं पहिलं ठाणं इथल्याच जर्मनटाउनात, आणि आजूबाजूला मेनोनाइट अन् क्वेकर हे आणखी दोन ख्रिस्ती पंथ. पाहुण्यांचा हमखास गोंधळ उडतो. म्हणून आधी सांगते: पाणी बघा.

ब्रदरेन बाप्तिस्मा देताना माणसाला पाण्यात गुडघ्यांवर बसवतात आणि पुढे वाकवून तीनदा बुडवतात. मेनोनाइट बहुधा डोक्यावर पाणी ओततात. क्वेकरांकडे पाण्याचं कामच नाही. त्यांच्या जुन्या पद्धतीच्या सभेत पाद्रीही नसतो. सगळे गप्प बसतात, ज्याला आतून वाटेल तो उठून बोलतो.

मग नातं. मेनोनाइटांचं मूळ १५२५च्या झुरिकमध्ये, क्वेकरांचं सतराव्या शतकातल्या इंग्लंडात. ब्रदरेन धाकटे: १७०८, जर्मनीतलं श्वार्झेनाउ, एडर नदी, फक्त आठ माणसं. मोठ्यांचाच बाप्तिस्मा आणि शस्त्र न धरणं यांत ते मेनोनाइटांच्या जवळचे, पण त्यांची शाखा म्हणू नका. क्वेकरही लढत नाहीत, तरी त्यांचं कूळ निराळं.

खरा गुंता जर्मनीतल्या क्रेफेल्ड गावाचा. तिथून १६८३ मध्ये १३ कुटुंबं क्वेकर विल्यम पेनच्या वसाहतीत, म्हणजे इथे पेनसिल्व्हेनियात आली. बहुतेक क्वेकर, पण मूळ घराणी मेनोनाइट! ब्रदरेनांची पहिली तुकडीही क्रेफेल्डहूनच निघाली, १७१९ मध्ये.

जर्मनटाउन अॅव्हेन्यूवर ६११९ नंबरला थांबा. मेनोनाइटांचं १७७०चं दगडी प्रार्थनाघर. आत एक साधं टेबल आहे. १६८८ मध्ये चौघांनी गुलामगिरीविरुद्धच्या निषेधपत्रावर सह्या केल्या, त्या याच टेबलावर असं सांगतात. पत्र गेलं क्वेकरांच्या सभेत. खालच्या सभेनं वरच्या सभेकडे ढकललं, तिनं आणखी वर, आणि तिथे ते बाजूला पडलं. (सरकारी फाइल आठवली ना?) क्वेकरांना गुलाम ठेवायची बंदी इथल्या वार्षिक सभेनं केली ती १७७६ मध्ये.

तसंच चालत ६६१३ला या. ब्रदरेनांचं घर, तेही १७७०चं. मात्र प्लिमथ ब्रदरेन हा पंथ वेगळाच, नावावर जाऊ नका.

वेळ उरला तर विसाहिकन ओढ्यावर उतरा. २५ डिसेंबर १७२३ ला ब्रदरेनांनी अमेरिकेतला पहिला बाप्तिस्मा इथे दिला, सहा जणांना. मी नोव्हेंबरात नुसता पाय घातला होता, लगेच बाहेर काढला.