५० मीटर रायफलसाठी काडतुसांचा लॉट कसा निवडावा

जड नळीची, नामांकित कारखान्यात घडवलेली .२२ (सुमारे ०.२२ इंच व्यासाच्या नळीची) रायफल हाती आली की अचूकतेचा प्रश्न सुटला, असे अनेक नवोदित नेमबाजांना आणि त्यांच्या पालकांना वाटते. जड नळीचे फायदे खरे आहेत. ती ताठ असते, गोळी सुटताना तिची थरथर कमी होते, ती सावकाश तापते आणि तिच्या वजनामुळे रायफल हातात स्थिर राहते. परंतु त्या नळीला कोणती काडतुसे मानवतात हे ना किमतीवरून कळते ना डब्यावरच्या नावावरून. एकाच कारखान्यात, एकापाठोपाठ तयार झालेल्या दोन रायफलींची पसंतीही वेगळी असू शकते. त्यामुळे आपल्या रायफलीतून काडतुसांचे वेगवेगळे लॉट (एकाच वेळी, एकाच मालातून तयार झालेले गट) झाडून पाहणे आणि त्यांची मोजमापे प्रामाणिकपणे ठेवणे, याला पर्याय नाही.

अधिक शक्तिशाली काडतुसांच्या जड नळीच्या रायफलींमध्ये हा प्रश्न थोड्या वेगळ्या स्वरूपात येतो. अमेरिकेत शेतीचा नाश करणाऱ्या लहान प्राण्यांच्या शिकारीसाठी आणि कागदी लक्ष्यावरील नेमबाजीसाठी .२२३ रेमिंग्टनच्या ज्या रायफली वापरतात, त्यांत आधी नळीच्या आतील आट्यांचा (गोळीला फिरवणाऱ्या सर्पिल खाचांचा) पीळ पाहावा लागतो. १२ इंचांत एक फेरा देणाऱ्या नळीत साधारण ५५ ग्रेनपर्यंतच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक) गोळ्या स्थिर राहतात, तर ७७ किंवा ८० ग्रेनच्या लांब गोळीसाठी ७ किंवा ८ इंचांत एक फेरा लागतो. ५० मीटरसाठी वापरल्या जाणाऱ्या .२२ लाँग रायफल काडतुसात स्पर्धेची गोळी जवळजवळ नेहमीच ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची असते आणि नळीचा पीळही बहुतेक वेळा १६ इंचांत एक फेरा इतका ठरलेला असतो. हे काडतूस कडेवर आघात होऊन पेटणारे असल्यामुळे ते घरी पुन्हा भरण्याची सोयही नाही. नेमबाजाच्या हाती उरते ती फक्त लॉटची निवड, आणि म्हणूनच तिला एवढे महत्त्व आहे.

प्रथम लक्ष्य समजून घ्यावे. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो आणि प्रत्येक पुढील वर्तुळ आधीच्यापेक्षा १६ मिलिमीटरने मोठे असते. गोळीचा व्यास ५.६ मिलिमीटर धरला आणि रेषेला स्पर्श झाला तरी वरचा गुण मिळतो हे लक्षात घेतले, तर गोळीच्या छिद्राचे केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत असले की दहा गुण मिळतात. म्हणजेच लक्ष्याच्या मध्यावर बसलेल्या ग्रुपचे (एकाच नेमाने झाडलेल्या गोळ्यांच्या छिद्रांच्या पुंजक्याचे) सर्व केंद्रबिंदू १६ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात मावले, तर नुसत्या रायफलीने आणि काडतुसाने एकही गुण गमावलेला नाही. पण नेमबाज स्वतःही हलतो, श्वास घेतो, वाऱ्याचा अंदाज चुकवतो. रायफल आणि काडतूस यांनीच १४ मिलिमीटर खाल्ले, तर नेमबाजाच्या वाट्याला जवळजवळ काहीच उरत नाही. पॅरिस ऑलिंपिकची ५० मीटर थ्री पोझिशनची (गुडघा टेकून, पालथे झोपून आणि उभे राहून नेम धरण्याची) स्पर्धा शातोरू येथे झाली. तिच्या पात्रता फेरीत कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे ६०० पैकी ५९० गुण मिळवून सातवा आला. पुढे जाणार होते फक्त आठ जण. १ ऑगस्ट २०२४ रोजी त्याने अंतिम फेरीत ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. साठ गोळ्यांत केवळ दहा गुण गमावूनही सातवा क्रमांक लागतो, अशा स्पर्धेत काडतुसामुळे जाणारे दोन गुण क्षुल्लक मानता येत नाहीत.

आता वेगाकडे वळू. स्पर्धेची .२२ काडतुसे नळीतून सुमारे ३२० ते ३३५ मीटर प्रतिसेकंद वेगाने गोळी सोडतात, म्हणजे ध्वनीच्या वेगापेक्षा थोड्या कमी वेगाने. अधिक वेगाची काडतुसे आकर्षक वाटली तरी त्यांची गोळी वाटेत ध्वनीच्या वेगाची सीमा ओलांडून खाली येते आणि त्या टप्प्यावर तिला हिसके बसतात. लक्ष्यवेधासाठी ती घेऊ नयेत. स्पर्धेच्या गोळीला ५० मीटर अंतर कापायला सुमारे ०.१६ सेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात ती जवळपास १२ सेंटिमीटर खाली पडते. दोन गोळ्यांच्या वेगात १० मीटर प्रतिसेकंदाचा फरक असेल, तर त्यांच्या पडण्यातच सुमारे ७ मिलिमीटरचा फरक येतो, जो जवळजवळ एका वर्तुळाच्या रुंदीएवढा आहे. ग्रुप उभा ताणलेला दिसला की पहिला संशय वेगाच्या असमानतेवर घ्यावा. काही नळ्यांची थरथर अशा लयीत होते की मंद गोळी नळीचे तोंड किंचित वर असताना बाहेर पडते आणि हा फरक बराच भरून निघतो. विशिष्ट लॉट विशिष्ट नळीला मानवण्यामागचे हे एक मोठे कारण आहे.

चाचणीपूर्वी रायफल तपासून घ्यावी, कारण सैल स्क्रूचा दोष काडतुसाच्या माथी मारणे फार सोपे असते. स्टॉकला (रायफलीच्या दांड्याला) अ‍ॅक्शन (काडतूस भरणारी व झाडणारी यंत्रणा) धरून ठेवणारे स्क्रू उत्पादकाने सांगितलेल्या ताणाला टॉर्क पान्याने आवळावेत आणि तो आकडा वहीत लिहून ठेवावा. पुढची व मागची साइट (नेम धरण्याचे साधन) घट्ट आहे का, नळीच्या तोंडाच्या कडेला खरचटलेले नाही ना, हे पाहावे. चेंबरच्या (काडतूस बसते त्या पोकळीच्या) पुढे, जिथे आटे सुरू होतात तिथे, जळलेल्या बारुदाचे कडक कडे साचते. ते काढलेले असावे. सफाई मागच्या बाजूने, गाइड लावून आणि आवरण असलेल्या सळईनेच करावी. तोंडाकडून सळई घालून चांगल्या नळ्या खराब झालेल्या मी पाहिल्या आहेत. ग्रुपच्या जागी दोन वेगळे झुबके दिसत असतील, तर बहुधा काडतुसाचा नव्हे तर स्क्रू, साइट किंवा स्टॉकमधील बैठकीचा दोष असतो.

प्रत्यक्ष चाचणीसाठी निदान चार ते सहा वेगवेगळे लॉट हवेत. लॉट क्रमांक डब्यावर छापलेला असतो. काही उत्पादक, उदाहरणार्थ एली, त्याच लॉटचा मोजलेला वेगही छापतात. टेनेक्स, आर ५०, मिडास प्लस, सेंटर-एक्स ही स्पर्धेच्या काडतुसांची नावे नेमबाजांना परिचित आहेत, पण नाव एक आणि लॉट दोन असतील तर ती दोन वेगळी काडतुसे समजावीत. महागड्या मालिकेतील न मानवणाऱ्या लॉटपेक्षा स्वस्त मालिकेतील मानवणारा लॉट निःसंशय चांगला. काडतूस उत्पादक लापुआच्या जर्मनीतील श्योनेबेक येथील आणि एलीच्या इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळच्या चाचणी केंद्रात रायफलीचे अ‍ॅक्शन आणि नळी पकडीत बसवून एकामागोमाग लॉट झाडून देतात. राष्ट्रीय संघातील नेमबाजांसाठी ती उत्तम सोय आहे. बाकीच्यांनी आपल्या रेंजवर, शक्यतो बंदिस्त जागेत किंवा पहाटेच्या शांत हवेत, पुढे भक्कम आधार आणि मागे वाळूची पिशवी ठेवून काम भागवावे. आधार नसेल आणि प्रोन (पालथे झोपून नेम धरण्याची) स्थिती पक्की असेल तर स्लिंग (हाताला आधार देणारा पट्टा) लावून केलेली चाचणीही उपयोगी ठरते. मात्र तिच्यात स्वतःची हालचाल मिसळलेली असते, याचे भान ठेवावे.

लॉट बदलताना गोळीवरील मेणासारखे वंगणही अनेकदा बदलते. नळीच्या आत जुन्या वंगणाचा थर असेपर्यंत नवा लॉट आपले खरे रूप दाखवत नाही, म्हणून प्रत्येक बदलानंतर १५ ते २० गोळ्या न मोजता झाडाव्यात. त्यानंतर १० गोळ्यांचे ग्रुप घ्यावेत आणि प्रत्येक लॉटचे असे किमान चार ग्रुप जमवावेत. सर्व ग्रुप एका दमात घेऊ नयेत. पहिल्या फेरीत लॉटचा क्रम अ, ब, क असेल तर दुसऱ्या फेरीत तो क, ब, अ ठेवावा, म्हणजे वारा, उजेड आणि थकवा यांचा भार एकाच लॉटवर पडत नाही. यात गोळ्या अधिक खर्च होतात, हे खरे आहे. वारंवार वंगण बदलणे परवडत नसेल तर दोन वेगवेगळ्या दिवशी उलट क्रमाने चाचणी करावी. चाचणी चालू असताना साइट हलवू नये आणि बाहेर गेलेली एकही गोळी ‘ही माझी चूक’ म्हणून वगळू नये. ट्रिगर दाबताना खरोखर चूक झाल्याचे निकाल पाहण्यापूर्वीच बोलून दाखवले असेल, तेवढाच अपवाद मान्य करावा.

पाच गोळ्यांचा एक सुंदर ग्रुप पाहून लॉट विकत घेण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे आणि ती सोडलीच पाहिजे. पाच गोळ्या योगायोगाने एकाच छिद्रात जाऊ शकतात. शिवाय ग्रुपचा कमाल व्यास फक्त दोन टोकांच्या गोळ्यांवर ठरतो आणि बाकीच्या गोळ्यांची माहिती वाया जाते. त्यापेक्षा सरासरी त्रिज्या काढावी: ग्रुपचा मध्यबिंदू शोधून प्रत्येक गोळी त्यापासून किती दूर आहे ते मोजायचे आणि त्या अंतरांची सरासरी घ्यायची. इलेक्ट्रॉनिक टार्गेट प्रत्येक गोळीचे स्थान देत असल्यास हे काम संगणकावर काही मिनिटांत होते. केवळ दशांश गुणांची बेरीज पाहणे फसवे आहे, कारण लक्ष्याच्या मध्यापासून सरकलेला घट्ट ग्रुपही कमी गुण दाखवतो. ४० गोळ्यांनंतरही दोन लॉटच्या सरासरी त्रिज्येत दहा-बारा टक्क्यांचा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो. म्हणून पहिल्या चाचणीतून दोन किंवा तीन लॉट निवडावेत आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्यांचीच पुन्हा चाचणी घ्यावी. दोन्ही दिवशी जो पुढे राहील, तो आपला.

काडतुसे वजन करून किंवा कडेची जाडी मोजून वेगळी करण्याचा उद्योग काही जण मोठ्या श्रद्धेने करतात. हलक्या प्रतीच्या काडतुसांत त्याने थोडा फरक पडत असेलही, पण स्पर्धेच्या प्रतीच्या काडतुसांसाठी तोच वेळ कोरड्या (काडतुसाविना केलेल्या) सरावाला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

लॉट ठरला की परवाना आणि मंजूर कोटा यांच्या मर्यादेत, हंगाम पुरेल इतका एकदम घ्यावा. तोच लॉट सहा महिन्यांनी मिळेल याची खात्री नसते. भारतात काडतुसांची खरेदी, आयात आणि साठा शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांखाली येतो. त्यामुळे मित्राच्या परवान्यावरील काडतुसे ‘चाचणीपुरती’ उसनी घेऊ नयेत. क्लबच्या मार्फत, नोंद करून नमुने मिळवावेत. घरी काडतुसे मूळ डब्यात, कुलपात, कोरड्या आणि थंड जागी ठेवावीत. कोकणातील दमट हवेत बंद डब्यात आर्द्रता शोषणारी पुडी टाकणे बरे. मे महिन्यात बालेवाडीच्या वाहनतळावर उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत त्यांना कधीही सोडू नये, कारण उष्णतेने वंगण ओघळते आणि त्याला धूळ चिकटते. तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस भरून वाऱ्याची वाट पाहत बसल्यानेही पुढची गोळी वर किंवा खाली जाऊ शकते. वारा बदलेपर्यंत थांबायचे असेल तर बोल्ट (चेंबर बंद करणारी कळ) उघडा ठेवावा.

चाचणीत काडतूस पेटले नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान अर्धा मिनिट थांबावे आणि मगच बोल्ट उघडावा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर पुढचे काडतूस भरण्यापूर्वी नळीत गोळी अडकलेली नाही याची खात्री केलीच पाहिजे. वहीत प्रत्येक चाचणीची तारीख, तापमान, लॉट क्रमांक, स्क्रूचा ताण, नळीतून आजवर झाडलेल्या गोळ्यांचा अंदाज आणि सरासरी त्रिज्या लिहावी. पुढच्या वर्षी जुना लॉट संपत आला की त्यातील शंभर काडतुसे बाजूला ठेवावीत, म्हणजे नवे लॉट त्याच दिवशी, त्याच हवेत त्यांच्याशी ताडून पाहता येतात.