‘ॲलर्जी आहे’ एवढं सांगून भागत नाही: लशीच्या बूस्टर डोसला जाण्याआधीची तयारी

आमच्या आईच्या फाइलवर पहिल्याच पानावर लाल शाईनं लिहिलंय, ‘ॲलर्जी +’. कशाची, कधी, काय झालं होतं, काही पत्ता नाही. मागच्या मे महिन्यात तिला फ्लूची वार्षिक लस द्यायला नागपुरात धंतोलीतल्या दवाखान्यात घेऊन गेलो आणि त्या एका अधिकच्या चिन्हापायी तसेच परत आलो. डॉक्टरांचं काही चुकलं नाही. त्यांनी चार प्रश्न विचारले, आम्हाला एकाचंही उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या खेपेला तयारीनं गेलो.

तयारीची सुरुवात दवाखान्यातून नाही, घरातून होते. एक वही घ्या आणि ज्याला लस घ्यायची त्याला दुपारच्या चहाला समोर बसवा. कशानं झालं, किती वेळात झालं, अंगावर नेमकं काय उठलं, आणि उतरायला काय करावं लागलं, हे विचारा. ‘रिॲक्शन आली होती’ एवढ्यावर सोडू नका. इंजेक्शननंतर काही मिनिटांत, फार तर काही तासांत अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, उलट्या होऊन गळाठून गेलं, तर ती गोष्ट वेगळ्या पानावर लिहा. दुसऱ्या दिवशी दंड सुजला, कणकण आली, ती ॲलर्जी नव्हे. आईला विचारलं तेव्हा कळलं की १९८७ मध्ये पेनिसिलिनच्या तिसऱ्या दिवशी पाठीवर पुरळ आलं होतं. आणि दर पावसाळ्यात गाजरगवतानं तिच्या कोपराच्या आतली कातडी लाल होते. पेनिसिलिन आपल्याकडच्या कुठल्याही लशीत नसतं आणि गाजरगवताचा लशीशी संबंध नाही. म्हणजे इतकी वर्षं फाइलवर जे लाल चिन्ह मिरवत होतं, त्याचा या सुईशी काही संबंधच नव्हता. शेंगदाणे, झिंगे, धूळ, मांजर, यांचंही तेच. वहीत लिहा, डॉक्टरांना सांगा, पण त्यापायी लस टाळू नका.

मग संबंध कशाचा? लशीत औषधाबरोबर जे बाकीचं असतं त्याचा, आणि लस निवडायची ती त्यावरून. डब्यातल्या घडीच्या कागदावर ‘घटक’ म्हणून बारीक अक्षरात यादी असते. चष्मा लावून वाचा, किंवा लशीचं नाव आदल्या दिवशी विचारून घरीच शोधा. फ्लूच्या बहुतेक लशी अंड्यात वाढवतात, पण अंड्याचा अंश इतका थोडा असतो की अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनाही आता ती देतात. कुठल्या कंपनीच्या लशीत निओमायसिन या अँटिबायोटिकचा अंश असतो, कुठल्यात जेंटामायसिनचा. निओमायसिनचं मलम लावून नुसती खाज आली असेल तर अडत नाही. श्वास लागला असेल तर दुसऱ्या कंपनीची लस मागा. कोविडच्या बूस्टरचंही असंच. कोविशिल्डमध्ये पॉलिसॉर्बेट ८० हे घटक नीट मिसळून ठेवणारं रसायन होतं, कोव्हॅक्सिनमध्ये ते नव्हतं, ॲल्युमिनियमचं जेल होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये पहिल्या दोन डोसांपेक्षा वेगळी लस म्हणून कॉर्बेव्हॅक्स घ्यायची परवानगी मिळाली. पण सगळ्यात मोठा नियम सोपा आहे. ज्या लशीच्या आधीच्या डोसनं मोठी रिॲक्शन येऊन जीव घाबरा झाला होता, तीच लस पुन्हा आपल्या मनानं घ्यायची नाही, आधी ॲलर्जीच्या डॉक्टरांना दाखवायचं. कोलोनोस्कोपीआधी प्यायच्या पावडरीनं अंगावर गांधी उठल्या असतील तर तेही सांगा. त्यात पॉलिएथिलीन ग्लायकॉल असतं, फायझर-मॉडर्नाच्या एमआरएनए प्रकारच्या कोविड लशींतही असतं, आणि पॉलिसॉर्बेट त्याचंच भाऊबंद.

टीटीबद्दल, म्हणजे धनुर्वाताच्या लशीबद्दल, थोडं सविस्तर, कारण आपल्याकडे गाडीवरून घसरलं की पहिलं टीटी. आता सरकारी कार्यक्रमात टीटीच्या जागी टीडी आलंय, म्हणजे धनुर्वातासोबत घटसर्पाचीही लस. आमच्या शेजारचे काका ठामपणे सांगतात, ‘मले टीटीची ॲलर्जी हाये’. खोदून विचारलं तर पाच वर्षांत तीनदा घेतलेलं, आणि तिसऱ्यांदा खांद्यापासून कोपरापर्यंत हात सुजला. रक्तात आधीच भरपूर प्रतिपिंडं असताना वर पुन्हा डोस पडला की असं होऊ शकतं. पुढचा डोस दहा वर्षांनी घ्यायचा, इतकंच. पण काकांपाशी एकाही डोसची तारीख नाही, मग कोण काय ठरवणार? म्हणून तारखांचं एक पान वहीत हवंच. कोविनचं प्रमाणपत्रही छापून आत ठेवा, त्यावर लशीचं नाव आणि बॅच नंबर असतो.

कुत्रा चावला असेल तर मात्र ही वही शोधत बसू नका. रेबीजची लस आधी पूर्ण घेतलेली असली तरी त्या दिवशी आणि त्यानंतर तीन दिवसांनी असे दोन डोस लागतात. तिथं ॲलर्जी हे लस न घेण्याचं कारण होत नाही. सोय असलेल्या इस्पितळात जाऊन घ्यायची.

गोळ्यांची चिठ्ठीही सोबत घ्या. ब्लडप्रेशरसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर आधी सांगा, कारण मोठ्या रिॲक्शनवर जे ॲड्रेनलिनचं इंजेक्शन देतात, गरज पडली तर त्याचा असर त्यानं कमी होऊ शकतो. दमा असेल तर तो आटोक्यात असताना जा, पंप खिशात असू द्या. ‘आधीच एक सेट्रिझिन घेऊन टाक’ हा ॲलर्जीच्या गोळीचा सल्ला आम्हाला तिघांनी दिला. स्वतःहून घेऊ नका. त्यानं रिॲक्शनची सुरुवातीची खूण झाकली जाते. रोजचीच चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंदही करू नका. ब्रुफेन-डायक्लोफेनॅकनं अंगावर उठत असेल तर नंतरच्या तापासाठी पॅरासिटामॉल चालतं का, हेही तिथंच विचारून ठेवा.

जागा निवडताना फोनवर एकच प्रश्न विचारा: ॲड्रेनलिनचं इंजेक्शन आत्ता तुमच्याकडे आहे का, आणि ते देणारा माणूस हजर असेल का? ‘इमर्जन्सीची सोय आहे’ हे उत्तर नव्हे. उत्तर असं हवं: आहे, मोठ्या माणसाला ०.५ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. चाचपडत उत्तर आलं तर आपल्याकडे नागपुरात मेडिकल, मेयो ही सरकारी इस्पितळं आणि मिहानमधलं एम्स आहेच.

वेळ सकाळची घ्या. मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो. उपाशीपोटी उन्हातून गेलेला माणूस सुई पाहूनच आडवा होतो आणि त्याच्या नावावर आणखी एक ‘ॲलर्जी’ लागते. भोवळ आली तर चेहरा पांढरा पडतो, नाडी मंदावते, आडवं केलं की माणूस ताळ्यावर येतो. खरी रिॲक्शन असेल तर नाडी धावते, गांधी उठतात, घसा आवळतो; तिथं थांबायचं नाही, बाहेर असाल तर १०८. आईला दोन वाट्या पोहे खाऊ घातले, तर्री नको म्हटलं तर रुसली.

टोचल्यावर साधारण पंधरा मिनिटं बसवतात, पण आधी मोठी रिॲक्शन येऊन गेली असेल तर अर्धा तास. आम्ही आपणहून अर्धा तास बसलो. आई दर पाच मिनिटांनी विचारायची, ‘काऊन बसून राहिलो रे आपण?’ तेवढ्यात मी नर्सबाईंना विचारून बाटलीवरच्या लेबलाचा फोटो काढला. घरी आल्यावर काही वावगं वाटलं तर लस दिली तिथं कळवा, किंवा औषधांच्या दुष्परिणामांसाठीच्या १८००-१८०-३०२४ या टोल फ्री नंबरवर.

निघताना डॉक्टरांकडून फाइलचं ते पहिलं पान बदलून घेतलं. आता तिथं लिहिलंय: ‘पेनिसिलिन, १९८७, तिसऱ्या दिवशी पुरळ, श्वासाचा त्रास नाही. गाजरगवत, फक्त कातडी.’ खाली लशीचं नाव, बॅच, तारीख.